वकीलपत्रावर सही करण्याआधीचं गणित

पुण्यातला मानपानाचा एक वाद १२०५ साली सुरू झाला आणि एप्रिल १९६६ मध्ये निकाली निघाला, अशी नोंद गिनीज बुकात आहे. म्हणजे ७६१ वर्षं! सुरुवात झाली तेव्हा ज्ञानेश्वरी लिहिली जायला अजून पंच्याऐंशी वर्षं होती. एवढा लांबलेला वाद अपवादच, पण आजचे आकडेही छातीत धडकी भरवणारे आहेत.

देशातल्या जिल्हा आणि तालुका न्यायालयांत एक कोटीहून जास्त दिवाणी दावे पडून आहेत. दर मिनिटाला एक निकाल दिला, रात्री-सणासुदीलाही थांबलं नाही आणि नवा एकही दावा आला नाही, तरी एक कोटी दावे संपायला १९ वर्षं लागतील. विधी आयोगाने १९८७ साली दहा लाख लोकांमागे ५० न्यायाधीश हवेत असं सुचवलं होतं. आज मंजूर पदंच २१ च्या आसपास आहेत.

महाराष्ट्रात एक लाखाहून अधिक गृहनिर्माण सोसायट्या आहेत आणि त्यांत गळती, पार्किंग, मेंटेनन्स यांवरून भांडणं होतच असतात. समजा, तुमचा फ्लॅट भाड्याने दिलाय. मालक स्वतः राहत नाही म्हणून सोसायटी जे बिनभोगवटा शुल्क लावते, ते सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही, असा २००१ चा सरकारी आदेश आहे. सेवाशुल्क महिना ३,००० असेल, तर कमाल ३०० रुपये. सोसायटी ९०० घेतेय, म्हणजे वर्षाला ७,२०० जास्त. तुम्ही चिडून दावा ठोकता. तीन महिन्यांनी एक तारीख, वकिलाची फी दर तारखेला २,००० धरली, तर दहा वर्षांत ४० तारखा आणि ८०,००० रुपये. वाद ७२,००० चा! प्रत्येक तारखेला पाच मिनिटं सुनावणी झाली, तर दहा वर्षांत न्यायाधीशांसमोर मिळालेला वेळ साडेतीन तासही भरत नाही.

मेंटेनन्सच्या थकबाकीचं गणित याहून कडक आहे. सोसायट्यांच्या आदर्श उपविधींप्रमाणे व्याज २१ टक्क्यांपर्यंत, सरळव्याज. या दराने पावणेपाच वर्षांत व्याज मुद्दलाएवढं होतं. म्हणून वादातली रक्कम निषेध नोंदवून भरावी आणि मगच लढावं, असं माझं ठाम मत आहे. रागाने मेंटेनन्स थांबवणारा माणूस बहुतेकदा स्वतःचंच नुकसान करून घेतो.

वकील निवडताना पहिला प्रश्न फीचा नसावा. दार कोणतं ठोठावायचं हे त्याला माहीत आहे का, हे आधी पाहा. सोसायटीच्या कारभाराचा वाद १९६० च्या सहकार कायद्याच्या कलम ९१ खाली सहकार न्यायालयात जातो, आणि तिथे चालणारा वाद दिवाणी न्यायालय घेत नाही. थकबाकीची वसुली निबंधकाकडे. मानीव अभिहस्तांतरण, म्हणजे बिल्डरने करून न दिलेलं जमीन-इमारतीचं हस्तांतरण, जिल्हा उपनिबंधकाकडे. बिल्डरविरुद्ध महारेरा किंवा ग्राहक आयोग. चुकीच्या दारात गेलेली वर्षं मुदतीच्या हिशेबातून वगळून घेता येतात, पण आयुष्यातून गेलेली परत येत नाहीत.

मग फी. तारखेवार की एकरकमी, अपिलाची वेगळी की त्यातच, हे लेखी घ्या. जिंकल्यावर रकमेतला हिस्सा मागणारा वकील भेटला, तर तिथूनच उठा. आपल्याकडे वकिलांना अशी फी घ्यायला बार कौन्सिलच्या नियमांनी मनाई आहे. ‘खात्रीने जिंकून देतो’ म्हणणाऱ्याचाही विचार नको.

लोकअदालतीत तडजोड झाली, तर न्यायालयात भरलेलं शुल्क परत मिळतं आणि त्या निवाड्यावर अपील नसतं. महिला आणि अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तींना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळू शकतो. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय प्रत्येक जिल्हा न्यायालयाच्या आवारात असतं. वकीलपत्रावर सही करण्याआधी तिथे एकदा जाऊन या.