कांबळें, खळ आणि वेतन

थंडीच्या दिवसांत गोरगरिबांस कांबळें देणें हें आपल्याकडे पुण्यकर्म मानिलें जातें. देणाऱ्याचें नांव होतें, घेणाऱ्यास ऊब मिळते. परंतु ज्या हातांनीं लोकर पिंजिली, सूत काढिलें व माग चालविला त्यांची आठवण या व्यवहारांत क्वचितच निघते. आपल्या प्राचीन शास्त्रकारांस मात्र त्या हातांचा विसर पडलेला नव्हता. प्रस्तुत लेखांत कांबळ्यासंबंधीं तीन आंकड्यांचा विचार करावयाचा आहे: १०० पल लोकर, १० पलांचे ११ पल, आणि सुताच्या मोलाच्या दुप्पट मजुरी. हे आंकडे सुटे सुटे वाचले तर कोरडे वाटतात. मागाजवळ बसून एकत्र वाचले म्हणजे त्यांचा अर्थ उलगडतो, आणि एका कष्टाळू वर्गावर येणारा आळही दूर होतो.

प्रथम शब्दाचा विचार करूं. मराठी 'कांबळें' हें संस्कृत 'कम्बल' शब्दाचें रूप होय हें उघड आहे. पाणिनीनें पांचव्या अध्यायाच्या पहिल्या पादांतील तिसऱ्या सूत्रानें या शब्दापासून 'कम्बल्य' ही संज्ञा साधिली आहे. काशिकाकारांनीं तिचा अर्थ १०० पल लोकर असा दिला आहे. म्हणजे कांबळ्याच्या नांवावरून लोकरीचें एक मापच रूढ झालें होतें. एखाद्या वस्तूवरून वजनास नांव पडतें तेव्हां ती वस्तु ठराविक मापाची व नित्य व्यवहारांतली असली पाहिजे, एवढें अनुमान येथें निर्धास्तपणें करितां येतें.

दुसरा आंकडा धर्मशास्त्रांतला आहे. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायांत असा नियम आहे कीं, विणकरानें १० पल सूत घेतलें तर ११ पल वजनाचें वस्त्र परत द्यावें. न दिल्यास त्यास १२ पण दंड व्हावा. याज्ञवल्क्यानें याच नियमाची अधिक बारकाईनें फोड केली आहे. लोकरीच्या वा कापसाच्या जाड सुतास शेंकडा १० पल वाढ, मध्यमास ५ व बारीक सुतास ३, असें तो सांगतो. लागलीच पुढच्या श्लोकांत कांहीं प्रकारच्या वस्त्रांस उलट तिसाव्या हिश्श्याची घट सांगितली आहे, आणि रेशमास व वल्कलास वाढही नाहीं व घटही नाहीं असें म्हटलें आहे. एवढा भेद केवळ कल्पनेनें सुचत नाहीं. कोणीतरी तराजू घेऊन बसला होता हें स्पष्ट दिसतें.

हा नियम वरवर वाचणाऱ्यास दोन शंका येतात. एक अशी कीं, राजा किंवा सावकार विणकराकडून फुकटांत एक पल उपटीत असावा. दुसरी अशी कीं, विणकर भेसळ करून वजन वाढवीत असावा व शास्त्रानें त्या भेसळीस संमति दिली असावी. टीकाकार कुल्लूकानें खरें कारण सांगून ठेविलें आहे: पीठ, भात इत्यादि पदार्थ सुतांत शिरल्यामुळें वजन वाढतें. कल्याणीच्या चालुक्य राजा सहाव्या विक्रमादित्याच्या कारकीर्दींत (१०७६–११२६) मिताक्षरा लिहिणाऱ्या विज्ञानेश्वरानें याज्ञवल्क्याच्या श्लोकाचा अर्थ करितांना जाड लोकरीच्या सुताचें उदाहरण म्हणून कांबळ्याचाच उल्लेख केला आहे. तें कल्याणी म्हणजे आजच्या कर्नाटकांतील बिदर जिल्ह्याचें बसवकल्याण. काळ्या दख्खनी मेंढीचा व तिच्या लोकरीच्या घोंगड्याचा हाच मुलूख होय; टीकाकारास उदाहरणासाठीं दूर जाण्याचें कारण नव्हतें.

हा श्लोक मीं वर्गांत अनेक वर्षें शिकविला, आणि 'सुतांत पीठ शिरतें' एवढें सांगून पुढें जात असें. पुढें माणदेशांतील एका गांवीं एका वृद्ध सणगराच्या अंगणांत ताणा पसरलेला पाहिला तेव्हां त्या वाक्याचा अर्थ डोळ्यांना दिसला. चिंचोके भिजवून, वाटून व शिजवून त्यांची दाट खळ केलेली होती, आणि ती कुंच्यानें ताण्यावर एकसारखी फिरविली जात होती. लोकरीचें सूत मुळांत केंसाळ. खळ लावून उन्हांत वाळविलें नाहीं तर मागावर तें एकमेकांत गुंतून तुटतें. "म्हणजे घोंगडें वजनाला जड भरतें तें खळीनें?" असें मीं विचारिलें. त्यावर तो म्हणाला, "गुरुजी, तराजूवर लोकर बी चढती अन् खळ बी. पाण्यांत घातल्याबिगार खरं काय ते कळत न्हाई." मिताक्षरेचा हा प्रत्यक्ष भाष्यकारच मला भेटला असें वाटलें. जाड सुतास वाढ अधिक व बारकास कमी कां, हेंही तेथेंच समजलें. जाड व सैल पिळाचें सूत खळ अधिक पितें.

आतां या नियमांतील न्याय पाहावा. विणकर सूत वजनानें घेतो व वस्त्र वजनानेंच देतो. खळीचें प्रमाण ठरविलेलें नसेल तर एक पल सूत घरीं ठेवून त्याच्या जागीं खळ भरणें अवघड नाहीं; उलट गिऱ्हाईकासही वाटेल तें वजन मागून कारागिरास छळतां येईल. आंकडा एकदां निश्चित झाला म्हणजे दोघांचींही तोंडें बंद होतात. अकरावें पल ही लूट नव्हे व भेसळही नव्हे. ती दोन्ही पक्षांनीं मान्य केलेली खळ होय.

या विषयावरील तिसरें व सर्वांत मोलाचें साधन आपल्या हातीं उशिरां आलें. कौटिलीय अर्थशास्त्राची ग्रंथलिपींतील ताडपत्री पोथी तंजावर भागांतील एका पंडितानें म्हैसूरच्या प्राच्य ग्रंथालयास दिली, आणि तिच्या आधारें रा. शामशास्त्री यांनीं १९०९ सालीं ग्रंथ छापून प्रसिद्ध केला. पुढें मुंबई विद्यापीठातर्फे प्रा. र. पं. कंगले यांनीं १९६० ते १९६५ या काळांत तीन भागांत चिकित्सक आवृत्ति, भाषांतर व अभ्यास प्रसिद्ध केला. त्या पंडितानें पोथी घरींच ठेविली असती तर पुढील विवेचन शक्य झालें नसतें.

अर्थशास्त्राच्या चौथ्या अधिकरणाच्या पहिल्या अध्यायांत विणकरांचे नियम आहेत. तेथेंही १० चे ११ हेंच प्रमाण आहे. वाढ कमी पडल्यास जितकी कमी तिच्या दुप्पट दंड सांगितला आहे. त्याच अध्यायांत, १०० पल लोकर पिंजतांना ५ पल घट व केंस गळून तितकीच घट धरावी असें सांगितलें आहे. हे आंकडे एकत्र मांडून पाहूं. १०० पलांतून ५ व ५ गेले म्हणजे ९० उरतात. त्या ९० पलांस दहांस एक या मानानें ९ पल वाढ मिळाली म्हणजे कांबळें ९९ पलांचें होतें. म्हणजे 'कम्बल्य' भर लोकर घेतली असतां तयार कांबळें जवळजवळ 'कम्बल्य' भरच उतरतें. पिंजणीची घट खळीनें भरून निघते. पल ३२० गुंजांचा धरिला तर १०० पल आजच्या मानानें सुमारें साडेतीन ते पावणेचार किलो होतात. जाड घोंगडें ज्यानें हातांत धरिलें आहे त्यास हा आंकडा परका वाटणार नाहीं. हें माझें अनुमान आहे, सिद्धांत नव्हे. पाणिनि, काशिका व कौटिल्य यांचे काल भिन्न आहेत, व सूत काढतांना होणारी घट मीं येथें धरिलेली नाहीं. तथापि लोकरीच्या मापास कांबळ्याचें नांव कां पडलें याचें एक सरळ कारण यांत सांपडतें.

तिसरा आंकडा मजुरीचा. कौटिल्याच्या मतें साध्या वस्त्राची विणकरी सुताच्या मोलाइतकी द्यावी, क्षौम व रेशीम यांची दीडपट, आणि कांबळें, पत्रोर्णा व दुकूल यांची दुप्पट. दुकूल म्हणजे अत्यंत तलम वस्त्र. त्याच्या पंक्तीस धनगराचें कांबळें बसविलेलें पाहून प्रथम आश्चर्य वाटतें. पण खळ लावणें, केंसाळ ताणा सांभाळणें व जड वीण ठोकणें हे श्रम पाहिले म्हणजे दुप्पट मजुरी देणारा माणूस मागाशेजारीं उभा राहिलेला होता असें वाटतें.

सूत कोणी काढावें हें दुसऱ्या अधिकरणांतील सूत्राध्यक्षाच्या अध्यायांत आहे. लोकर, कापूस, शण, क्षौम इत्यादींचें सूत विधवा, अपंग स्त्रिया, अविवाहित मुली, संन्यासिनी, दंड फेडणाऱ्या स्त्रिया, म्हाताऱ्या राजदासी व देवाच्या सेवेंतून निवृत्त झालेल्या दासी यांच्याकडून काढून घ्यावें आणि सुताची जात पाहून वेतन ठरवावें, असा नियम आहे. ज्या स्त्रिया घराबाहेर पडत नाहींत व स्वतःचें पोट स्वतः भरूं इच्छितात, त्यांच्याकडे दासीकरवीं आदरपूर्वक काम पाठवावें. ज्या पहांटे सूत्रशाळेंत येतील त्यांचें सूत घेऊन मोबदला द्यावा. दिवा केवळ सूत पारखण्यापुरता असावा. अधिकाऱ्यानें स्त्रीच्या मुखाकडे पाहिलें किंवा कामाव्यतिरिक्त भाषण केलें तर त्यास पूर्व साहसदंड, आणि वेतनाची वेळ टाळली तर मध्यम साहसदंड. पहिला ४८ ते ९६ पणांचा व दुसरा २०० ते ५०० पणांचा. शील राखणें त्यास महत्त्वाचें वाटत होतें. पण कष्टाचा पैसा अडकवून ठेवणें हा त्यानें त्याहून मोठा अपराध मानिला.

यावरून कौटिल्यास दयेचा पुतळा करूं नये. सूत्रशाळा ही राजाची होती, व तिचा नफा कोशांत जात होता. वेतन घेऊन काम न करणाऱ्या स्त्रीस अंगठ्याची जी शिक्षा सांगितली आहे ती, टीकाकारांनीं कसाही अर्थ लाविला तरी, कठोरच आहे. परंतु निराधार स्त्रीस भिक्षा न देतां काम द्यावें, काम घरपोंच द्यावें, आणि दाम वेळेवर द्यावें, ही दृष्टि तेथें निश्चित आहे.

हीच दृष्टि अलीकडच्या काळांत पुन्हां दिसते. १९२५ सालीं स्थापन झालेल्या अखिल भारत चरखा संघानें १९३५ सालीं महात्मा गांधींच्या आग्रहावरून कातणारणींची मजुरी निर्वाहास पुरेल अशा बेतानें वाढविण्याचें धोरण स्वीकारलें. खादी महाग होईल हें ठाऊक असूनही तें स्वीकारलें. स्वस्त वस्त्राचें पुण्य कातणारणीच्या पोटास चिमटा घेऊन मिळवावयाचें नाहीं, हा त्यांतील आशय होय.

आतां कांबळ्याच्या दानाची आजची स्थिति. दोन सुयांवरील लोकरीचें विणकाम व क्रोशाचें काम हीं आपल्याकडे युरोपीय लोकांच्या संसर्गानें रुजलीं. आपण मात्र मागाचेंच 'विणणें' हें क्रियापद त्यांसही लाविलें. या कलेनें दानास एक चांगलें वळण दिलें आहे. ३१ जानेवारी २०१६ रोजीं चेन्नईस 'मदर इंडियाज क्रोशे क्वीन्स' या मंडळाच्या स्त्रियांनीं घरोघरीं विणलेले तुकडे जोडून ११,१४८.५ चौरस मीटरांचें कांबळें केलें व त्याची जागतिक विक्रम म्हणून नोंद झाली. त्यांतील कांबळीं गरजूंस देण्यासाठीं होतीं. येथें देणारा व विणणारा एकच असतो, म्हणून वेतनाचा प्रश्न उरत नाहीं. परंतु घाऊक दानासाठीं जीं कांबळीं विकत घेतात तीं बहुधा जुन्या लोकरी कपड्यांच्या चिंध्यांपासून यंत्रावर केलेलीं असतात. पानिपत हें त्याचें मोठें केंद्र आहे. तीं स्वस्त असतात व थंडीही भागवितात, त्यांस नांवें ठेवण्याचें कारण नाहीं. मात्र त्याच वेळीं दख्खनी मेंढीची लोकर अनेक ठिकाणीं कोणी घेईनाशी झाली आहे, आणि घोंगड्याचे माग एकेक करून उठत आहेत. निदान माणदेशासारख्या भागांत कांबळें वाटणाऱ्यांनीं शंभरांतलीं दहा तरी गांवच्या मागावरून, पुरी मजुरी देऊन घेतलीं, तर एका दानांत दोन घरें उबेला येतील.

शेवटीं संग्राहकांस एक विनंति. आपल्या रुमालांत सनदा व वंशावळी यांच्याबरोबर घरखर्चाच्या यादी व रोजकीर्दीचे बंदही असतात, आणि ते बहुधा निरुपयोगी म्हणून बाजूस पडतात. त्यांत कांबळें वा घोंगडें असा शब्द आढळल्यास तेवढा बंद जपून ठेवावा व चार गोष्टी टिपाव्या: वजन, किंमत, मजुरी निराळी लिहिली आहे काय, आणि ती कोणाच्या नांवें पडली आहे. वजन व सुताचा हिशेब दोन्ही मिळाले तर दहांचे अकरा हा नियम आपल्या मुलखांत पाळला जात होता कीं नाहीं याचा निकाल लागेल. मजुरी घेणाऱ्या एखाद्या कातणारणीचें नांव मिळालें तर त्याहून चांगलें; दान देणाऱ्यांचीं नांवें आपणांस पुष्कळ ठाऊक आहेत.