कोबाल्टच्या केंद्रकापासून सोयाबीनच्या दाण्यापर्यंत

टीएयू-१ हे उडदाचं वाण १९८५ साली प्रसारित झालं. नावातला 'टी' ट्रॉम्बेचा, 'ए' अकोल्याचा आणि 'यू' उडदाचा. मुंबईचं भाभा अणुसंशोधन केंद्र आणि अकोल्याचं डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ यांनी मिळून ते काढलं. टीएजी-२४ भुईमूग आणि टीएएमएस-३८ सोयाबीन हीसुद्धा याच जोडीची वाणं. तरी 'अणूचं बियाणं' म्हटलं की एक शंका हमखास निघते: दाण्यात किरण उरत असतील का? याचं उत्तर अणूच्या रचनेतच आहे, म्हणून सुरुवात तिथूनच करू.

प्रत्येक पदार्थ अणूंचा बनलेला असतो. अणूच्या मध्यभागी केंद्रक असतं, म्हणजे प्रोटॉन आणि न्यूट्रॉन यांचा घट्ट गोळा. त्याच्याभोवती इलेक्ट्रॉन हे अतिशय हलके कण असतात. कोबाल्टचं केंद्रक सोयाबीनच्या दाण्याएवढं धरलं, तर त्याच्या अणूचा पसारा सुमारे पावणेदोनशे मीटर व्यासाच्या शेताएवढा होईल. अणूचं जवळजवळ सगळं वजन मात्र त्या दाण्यातच.

केंद्रकात प्रोटॉन किती, यावर मूलद्रव्य ठरतं. २७ असले की कोबाल्ट, २८ झाले की निकेल. न्यूट्रॉनची संख्या कमी-जास्त झाली तरी मूलद्रव्य तेच राहतं. अशा भावंडांना समस्थानिकं म्हणतात. निसर्गात सापडणाऱ्या कोबाल्टमध्ये २७ प्रोटॉन आणि ३२ न्यूट्रॉन असतात. बेरीज ५९, म्हणून कोबाल्ट-५९. हे केंद्रक स्थिर असतं.

हे कोबाल्ट अणुभट्टीत ठेवलं की त्याचं केंद्रक आणखी एक न्यूट्रॉन पकडतं आणि कोबाल्ट-६० तयार होतं. राजस्थानातल्या रावतभाट्याच्या अणुभट्ट्यांमध्ये ते बनवलं जातं.

कोबाल्ट-६० अस्थिर असतं. त्यातल्या एका न्यूट्रॉनचा प्रोटॉन होतो, एक इलेक्ट्रॉन वेगानं बाहेर पडतो आणि मागे निकेल-६० उरतं. या निकेलच्या केंद्रकात जादा ऊर्जा असते. ती दोन गॅमा किरणांच्या रूपानं बाहेर येते: एक १.१७ आणि दुसरा १.३३ दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्टचा. इलेक्ट्रॉन-व्होल्ट हे ऊर्जेचं फार छोटं माप आहे.

एखादं केंद्रक नेमकं कधी बदलेल हे सांगता येत नाही, पण निम्मी केंद्रकं ५.२७ वर्षांत बदलतात, हे पक्कं. याला अर्धायुकाल म्हणतात. बियाण्यावर सोडतात ते याच कोबाल्ट-६०चे गॅमा किरण. इथे एक चूक होऊ शकते. किरणांचा हा स्रोत दरवर्षी क्षीण होत जातो, त्यामुळे गेल्या वर्षीचीच वेळ लावली तर बियाण्याला किरण कमी मिळतात. हिशेब दर वेळी नव्यानं मांडावा लागतो.

शोषलेल्या किरणांची मात्रा 'ग्रे'मध्ये मोजतात. किलोमागे एक ज्यूल ऊर्जा म्हणजे एक ग्रे. सोयाबीनला साधारण २०० ते ३०० ग्रे देतात. एवढ्या ऊर्जेनं किलोभर पाणी एक अंशाच्या दहाव्या भागाइतकंही तापत नाही. मग दाण्यात एवढा बदल कसा होतो?

त्याआधी सुरुवातीच्या शंकेचं उत्तर: दाण्यात किरण उरतात का? अणूतला बाहेरचा इलेक्ट्रॉन सोडवायला दहा-पंधरा इलेक्ट्रॉन-व्होल्ट पुरतात. पण दाण्यातल्या नेहमीच्या कार्बन, नायट्रोजन किंवा ऑक्सिजनच्या केंद्रकातून न्यूट्रॉन काढायला १० दशलक्षांहून अधिक लागतात. कोबाल्टच्या गॅमा किरणात तेवढा दम नाही. तो इलेक्ट्रॉन उडवतो, केंद्रकं जशीच्या तशी राहतात. किरणोत्सर्ग केंद्रकातून होतो, म्हणून दाणा किरणोत्सर्गी होत नाही.

सुटलेले इलेक्ट्रॉन पेशीतल्या डीएनएला, म्हणजे आनुवंशिक माहितीच्या साखळीला, तडे पाडतात. पाण्याचे रेणू मोडून तयार झालेले तुकडेही तेच करतात. पेशी तडे सांधते. सांधताना कधी चूक राहते आणि ती पुढच्या पेशींत उतरते. हेच उत्परिवर्तन. बियाण्याचा ओलावा सारखा नसेल तर एकाच मात्रेचा परिणाम वेगवेगळा होतो, म्हणून तो आधी सारखा करून घेतात.

पहिल्या पिढीत खुजी, वांझ, पांढरट पानांची झाडं दिसतात. नवखा माणूस इथेच फसतो. ही बहुतेक किरणांची इजा असते, वारसा नव्हे. प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात आणि सहसा एकच बदललेली असते, त्यामुळे खरे बदल दुसऱ्या पिढीत उघडे पडतात. तिथे हजारो झाडांतून मोजकी निवडायची, तिसऱ्या पिढीत ओळीनं पेरून खात्री करायची आणि मग अनेक वर्षं चाचण्या. माझ्या मते खरं श्रेय या शिवारातल्या नजरेचं आहे. किरण कुठे लागतील ते कुणाच्याच हातात नसतं.

टीएएमएस-३८ हे जेएस ८०-२१ या सोयाबीनवर गॅमा किरण सोडून मिळालं. टीएयू-१ची वाट लांबची: गर्द हिरव्या पानांचं एक उत्परिवर्तित उडीद टी-९ वाणाशी संकरित करून त्याच्या संततीतून ते निवडलं.

ही सरळ वाणं आहेत, हायब्रिड नव्हेत. गुण एकदा स्थिर झाले की पुन्हा किरणांची गरज नाही. आपण घरचं बियाणं राखत असाल तर दाण्यांचा हलका पापुद्रा जपा, पोती आपटू नका आणि मृगाआधी उगवण तपासून घ्या. सोयाबीनची उगवण शंभरात सत्तरपेक्षा कमी निघाली, तर एकरी बियाणं त्या प्रमाणात वाढवा.