चार्टरहाऊस (लंडन)

चार्टरहाऊस ही इंग्लंडमधील लंडन शहरात स्मिथफिल्ड बाजारपेठेनजीक असलेली ऐतिहासिक वास्तू होय. मठ, सरदारवाडा, शाळा आणि वृद्धनिवास अशी तिची स्थित्यंतरे झाली. इ.स. १६११ पासून ती एका धर्मादाय संस्थेच्या ताब्यात असून २०१७ मध्ये संस्थेने ती सर्वसामान्यांसाठी खुली केली.

इतिहास

१३४८ मध्ये लंडनमध्ये प्लेगची साथ पसरली, तेव्हा येथील मोकळ्या जागेत मृतांचे दफन करण्यात आले. त्याच भूमीवर सर वॉल्टर मॅनी यांच्या पुढाकाराने १३७१ मध्ये कार्थूसियन पंथाचा मठ स्थापन झाला. या पंथाचे साधू स्वतंत्र खोल्यांत राहून मौन व एकांत पाळत. राजा आठवा हेन्री याचे चर्चवरील सर्वाधिकार मान्य न केल्यामुळे मठाधिपती जॉन हॉटन यांना १५३५ मध्ये देहान्त शासन झाले. १५३७ मध्ये मठ बंद पडला.

पुढे सर एडवर्ड नॉर्थ यांनी येथे वाडा उभारला. १५५८ मध्ये राणी पहिली एलिझाबेथ आणि १६०३ मध्ये राजा पहिला जेम्स यांचा, राज्याभिषेकापूर्वी, येथे मुक्काम होता.

धर्मादाय संस्था

धनाढ्य व्यावसायिक थॉमस सटन यांनी १६११ मध्ये ही वास्तू विकत घेऊन ४० मुलांसाठी शाळा आणि ८० निराधार पुरुषांसाठी निवास यांची तरतूद केली. त्याच वर्षी त्यांचे निधन झाले. जायबंदी सैनिक तसेच चाचेगिरीमुळे किंवा जहाज बुडाल्याने निष्कांचन झालेले व्यापारी यांना येथे आश्रय मिळे. निवासींना 'ब्रदर' म्हणजे बंधू असे संबोधले जाते. कादंबरीकार थॅकरे येथील शाळेचे विद्यार्थी होते. १८७२ मध्ये शाळा सरे परगण्यातील गोडाल्मिंग येथे हलविण्यात आली, वृद्धनिवास मात्र मूळ जागीच राहिला.

मे १९४१ मधील बॉम्बहल्ल्यात वास्तूची मोठी हानी झाली. युद्धोत्तर जीर्णोद्धाराच्या काळात मॅनी यांची शिशाची शवपेटी सापडली.

सर्वसामान्यांसाठी प्रवेश

चार शतके ही वास्तू बाहेरच्यांना फारशी परिचित नव्हती. म्युझियम ऑफ लंडनच्या सहकार्याने येथे संग्रहालय उभारण्यात आले आणि जानेवारी २०१७ मध्ये ते खुले झाले. संग्रहालय व प्रार्थनागृह पाहण्यास शुल्क नाही. २०१३ मध्ये क्रॉसरेल रेल्वेमार्गाच्या खोदकामात या परिसरात २५ सांगाडे सापडले. त्यांतील काहींच्या दातांत प्लेगच्या जिवाणूचे अवशेष आढळल्याने जुन्या दफनभूमीविषयीच्या नोंदींना पुष्टी मिळाली. त्यांपैकी एक सांगाडा संग्रहालयात ठेवण्यात आला आहे.

ही वास्तू केवळ स्मारक नसून वृद्धांचे राहते घर आहे. त्यामुळे ती खुली करताना वारशावरील समाजाचा हक्क आणि निवासींची निवांतता या दोहोंचा मेळ घालणे आवश्यक होते. निवासी खोल्या पर्यटकांसाठी बंद असतात, तर अंतर्भागातील सभागृहे व चौक मार्गदर्शकासमवेतच पाहता येतात. काही फेऱ्यांचे मार्गदर्शन स्वतः ब्रदर करतात. ज्यांच्या आश्रयासाठी ही संस्था निर्माण झाली, त्यांच्याच तोंडून तिचा इतिहास ऐकावयास मिळणे हे या उपक्रमाचे वैशिष्ट्य होय. याच सुमारास, शतकानुशतके केवळ पुरुषांसाठी असलेल्या या निवासात स्त्रियांनाही प्रवेश देण्याचे धोरण संस्थेने स्वीकारले. त्याही 'ब्रदर' याच नावाने ओळखल्या जातात.