ज्यूरीपुढची गोष्ट
न्यायाची वाट : लेखांक ६

मागच्या आठवड्यात उलटतपासणी पाहिली. आता पुढचा प्रश्न: कायदा न शिकलेली माणसं ज्यूरी म्हणून निकालाला बसली, तर पुरावा कसा तोलतात?

अमेरिकेतल्या नॅन्सी पेनिंग्टन आणि रीड हेस्टी या मानसशास्त्रज्ञांनी १९८८ मध्ये यावरचा एक प्रयोग प्रसिद्ध केला. खुनाच्या खटल्यातला पुरावा तोच ठेवून मांडणी बदलली. सरकारपक्षाने घटना घडल्या त्या क्रमाने सांगितल्या आणि बचावपक्ष एकेका साक्षीदाराच्या ओघाने विस्कळीत बोलला, तेव्हा ७८ टक्के लोकांनी आरोपीला दोषी ठरवलं. मांडणीची अदलाबदल होताच हे प्रमाण ३१ टक्क्यांवर आलं. माणूस पुरावे सुटे मोजत नाही. त्यांची गोष्ट जुळवतो आणि नीट जुळलेली गोष्ट खरी मानतो.

मुंबईने हे १९५९ मध्येच पाहिलं होतं. नौदलातले कमांडर कावस नानावटी यांनी पत्नीचा प्रियकर प्रेम आहुजा याला गोळ्या घातल्या. कार्ल खंडालावाला यांच्या बचावातून उभा राहिला तो फसवला गेलेला, सरळमार्गी अधिकारी. झटापटीत गोळी सुटली, असं त्यांचं म्हणणं. ‘ब्लिट्झ’ साप्ताहिकाने हीच प्रतिमा घरोघर नेली. ज्यूरीने ८ विरुद्ध १ मतांनी ‘निर्दोष’ म्हटलं. न्यायाधीशांना ते पटलं नाही. प्रकरण उच्च न्यायालयात गेलं आणि जन्मठेप झाली. १९६१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. दुपारी दीडला घर सोडलं, जहाजावरून रिव्हॉल्व्हर घेतलं आणि चार वीसला खून झाला. मधल्या जवळजवळ तीन तासांचं काय? बचावाच्या गोष्टीत भावना होती, घड्याळ नव्हतं.

ऐकणारा कोण, हेही महत्त्वाचं. १९०८ मध्ये राजद्रोहाच्या खटल्यात टिळक आपल्या बचावासाठी एकवीस तासांहून अधिक बोलले. समोर ज्यूरीत सात युरोपियन आणि दोन पारशी होते. निकाल ७ विरुद्ध २ मतांनी टिळकांविरुद्ध गेला. ऐकणाऱ्याच्या मनात आधीच दुसरी गोष्ट पक्की असेल, तर नुसत्या युक्तिवादाने ती हलत नाही.

१९७४ मध्ये नवी फौजदारी संहिता लागू झाली आणि तिच्यात ज्यूरीला जागा उरली नाही. आज बारामतीच्या सत्र न्यायालयात न्यायाधीशांना निकालाची कारणं लिहावी लागतात. पण गावच्या तंटामुक्ती समितीत आपलीच माणसं बसतात. समजा, नीरा डाव्या कालव्यावरच्या इंदापूरकडच्या टेलच्या शेतकऱ्याची पाण्याची पाळी चुकली. ‘आमच्यावर कायम अन्याय होतो’ एवढ्याने समिती हलणार नाही. पाळी कोणत्या दिवशी होती, पाणी कुठपर्यंत आलं, दार कोणी फिरवलं, पीक किती जळालं, हे क्रमाने सांगावं आणि प्रत्येक टप्प्याला पाळीपत्रक किंवा साक्षीदार जोडावा. आपली चूक असेल तर ती आपणच आधी सांगावी. समोरच्याने काढली की सगळंच बोलणं संशयास्पद ठरतं.

आणि समितीत बसणाऱ्यांनो, गोष्ट फारच छान जुळली, तर तडजोड सुचवण्याआधी एकदा विचारा: यात कोणते तीन तास गाळले आहेत?