परक्या भूमीतील कामगार

कोकणातील कित्येक गावांत घरातील कर्ता पुरुष आखाती देशांत नोकरीस गेलेला असतो व त्याने पाठविलेल्या पैशांवर घर चालते. मुलांनो, अशा माणसाचे तेथे रक्षण कोण करीत असेल? आपल्या देशाचे कायदे बहुतांशी आपल्या सीमेपाशी थांबतात. तेथे भाषा परकी असते आणि आप्तस्वकीय दूर असतात. अशा वेळी मालकाने त्याचे पारपत्र, म्हणजेच पासपोर्ट, काढून घेतले, तर तो मायदेशी परतणार तरी कसा?

या प्रश्नाचा विचार जगातील राष्ट्रांनी एकत्र बसून केला आहे. आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनेने १९४९ साली याविषयी एक करार केला. पुढे १८ डिसेंबर १९९० रोजी संयुक्त राष्ट्रसंघाने त्याहून व्यापक करार संमत केला. कायद्याने अधिकार दिलेल्या सरकारी अधिकाऱ्याखेरीज कोणीही कामगाराचे पारपत्र काढून घेऊ नये. वेतन, कामाचे तास व विश्रांती यांबाबत त्याला तेथील नागरिकांहून हलकी वागणूक देऊ नये. परत जाताना आपली मिळकत व शिल्लक मायदेशी नेण्याचा त्यास हक्क असावा, असे त्यात सांगितले आहे.

परंतु करार म्हणजे हुकूम नव्हे. जे राष्ट्र तो स्वीकारते, त्याच्यावरच तो बंधनकारक होतो. वीस राष्ट्रांनी स्वीकारल्यावर हा करार अमलात यावयाचा होता. त्यासाठी २००३ साल उजाडावे लागले. स्वीकारणारी राष्ट्रे बहुतेक कामगार पाठविणारी होती. आखातातील तेलसंपन्न राष्ट्रे, पश्चिम युरोपातील देश व अमेरिका बाहेरच राहिली. भारतानेही तो अद्याप स्वीकारलेला नाही. ज्याची गुरे शेतात शिरतात, तोच कुंपण घालण्यास आला नाही, असे हे झाले!

खलाशांच्या बाबतीत मात्र एक उपाय सापडला. तेही घरापासून दूर, अनेकदा परक्या मालकाच्या जहाजावर राबतात. त्यांच्यासाठी श्रमसंघटनेने २००६ साली केलेला करार २०१३ साली अमलात आला. भारताने तो २०१५ साली स्वीकारला. जहाज करार न मानणाऱ्या देशाचे असले, तरी करार मानणाऱ्या देशाच्या बंदरात त्याची तपासणी होऊ शकते. खलाशांचे वेतन थकले आहे काय, अन्नपाणी पुरेसे आहे काय, हे तेथे पाहिले जाते. गंभीर दोष आढळल्यास जहाज अडवून ठेवता येते. जहाजाला कोणत्या ना कोणत्या बंदरात शिरावेच लागते. म्हणून मालकास करार टाळणे कठीण जाते.

चांगले शब्द लिहिणे हे पहिले पाऊल होय. ते पाळले जातात की नाही, हे पाहणारा कोणी असला, तरच त्यांना बळ येते. समुद्रावरील खलाशाला असे बंदर मिळाले. जमिनीवर राबणाऱ्या कामगारासाठी ते अजून शोधावयाचे आहे.