महाविद्यालयीन मुलींची फुटबॉल प्रशिक्षिका

पदवी हातीं पडली कीं विद्यार्थिनीचें मैदान सुटतें, हा आपल्याकडील सर्वसाधारण अनुभव आहे. पांच-सहा वर्षें जिनें चेंडूमागें घाम गाळला, तिचें तें ज्ञान संसाराच्या अडगळींत पडून राहतें आणि मागून येणाऱ्या मुलींना पुन्हां पहिल्या धड्यापासून प्रारंभ करावा लागतो. हें ज्ञान वाया जाऊं नये यासाठीं एक वाट आहे. ती प्रशिक्षिकेच्या व्यवसायाची. चंद्रपूर व गडचिरोली या वनजिल्ह्यांतील मुलींनीं ती नीट समजून घेणें अगत्याचें आहे.

अमेरिकेंत ही वाट रुळलेली आहे. तेथें १९७२ सालच्या कायद्यानें सरकारी साहाय्य घेणाऱ्या शिक्षणसंस्थांत स्त्रीपुरुषभेदास मनाई झाली. त्यामुळें मुलींचे संघ वाढले आणि त्यांस स्वतंत्र पगारी मार्गदर्शक मिळूं लागले. नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठांत अ‍ॅन्सन डॉरन्स यांनीं १९७९ पासून २०२४ पर्यंत मुलींच्या एकाच संघास शिकविलें. आपल्या महाविद्यालयांत मात्र केवळ फुटबॉलसाठीं कायमची जागा बहुधा नसते. जागा असते ती शारीरिक शिक्षण संचालकाची; आणि त्या एकाच व्यक्तीस कबड्डी-खोखोपासून फुटबॉलपर्यंत सर्व खेळ सांभाळावे लागतात. म्हणून येथील मुलीस दोन वाटा बरोबरीनें चालाव्या लागतात : एक नोकरीची, दुसरी खेळाची.

नोकरीची वाट अशी आहे. पदवीनंतर २ वर्षांचा बी. पी. एड्. आणि त्यापुढें २ वर्षांचा एम. पी. एड्. हे अभ्यासक्रम करावयाचे. विदर्भांत या विद्येची परंपरा जुनी आहे. अमरावतीचें हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ सालीं स्थापन झालें. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांत संचालकपदासाठीं पदव्युत्तर परीक्षेंत ५५ टक्के गुण आणि सामान्यतः नेट किंवा सेट परीक्षा सांगितली आहे. शिवाय आंतरमहाविद्यालयीन किंवा त्याहून वरच्या स्पर्धांत खेळल्याचा पुरावा लागतो, आणि शरीरक्षमतेची परीक्षाहि द्यावी लागते. ३० वर्षांपर्यंतच्या स्त्रीनें ८ मिनिटांत १००० मीटर अंतर कापावें, असें तिचें प्रमाण आहे. यास्तव खेळाचें प्रत्येक प्रमाणपत्र मुलीनें गुणपत्रिकेइतकेंच जपून ठेवावें.

दुसरी वाट परवान्यांची. फुटबॉल शिकविण्याचे परवाने पायरीपायरीनें मिळतात : डी, सी, बी, ए आणि सर्वांत वर प्रो. प्रत्येक पायरीवर सराव कसा आंखावा, चूक कशी ओळखावी व ती खेळाडूस कशी दाखवावी, यांचें शिक्षण होतें. कोल्हापूर जिल्ह्यांतील गडहिंग्लज तालुक्याच्या अंजू तुरंबेकर या ग्रामीण भागांतून निघून ए परवान्यापर्यंत पोंचल्या आणि अखिल भारतीय फुटबॉल महासंघांत बालखेळाडूंच्या पायाभूत शिक्षणाच्या प्रमुख झाल्या. गोव्याच्या मेमोल रॉकी प्रथम भारतीय संघांतून खेळल्या, मग साहाय्यक प्रशिक्षिका झाल्या आणि २०१७ ते २०२१ या काळांत राष्ट्रीय महिला संघाच्या मुख्य प्रशिक्षिका होत्या. खेळणें, साहाय्य करणें आणि मग धुरा घेणें, हाच या व्यवसायाचा स्वाभाविक क्रम होय.

परंतु परवाना हातीं आला म्हणजे प्रशिक्षिका घडली, असें नव्हे. गोंडवाना विद्यापीठ २०११ सालीं गडचिरोलीस स्थापन झालें आणि या दोन जिल्ह्यांतील महाविद्यालयें त्याच्या कक्षेंत आलीं. या महाविद्यालयांत शिकणाऱ्या मुलींपैकीं कित्येकींच्या घरीं सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक विकार असतो. तो झालेल्या मुलीनें उन्हांत, पुरेसें पाणी न पितां, अतिश्रम केले तर तिला तीव्र वेदनांचा झटका येऊं शकतो. अनभिज्ञ शिक्षक तिला आळशी म्हणून मैदानाबाहेर काढील. जाणती प्रशिक्षिका तिची रक्ततपासणी करवील आणि डॉक्टरांच्या सल्ल्यानें तिचा सराव ठरवील. जी मुलगी केवळ या विकाराची वाहक आहे, तिला खेळ सोडण्याचें बहुधा कारण नसतें. पाणी, विश्रांति आणि हळूहळू वाढविलेला सराव एवढें पथ्य तिनें पाळावें. चंद्रपूरच्या उन्हाळ्यांत तर मैदान पहांटेंच गाठावें हें बरें. तसेंच फुटबॉलमध्यें गुडघ्याचा स्नायुबंध तुटण्याचें प्रमाण मुलांपेक्षां मुलींत अधिक असतें. त्यावर उपाय म्हणून सरावापूर्वीं सुमारें २० मिनिटांचे तोल, उडी व वळण यांचे व्यायाम नियमानें करवून घ्यावे लागतात. त्यांस पैसा लागत नाहीं. लक्ष मात्र लागतें.

मुलीस सामन्यासाठीं परगांवीं पाठवावयाचें झालें, कीं आईबापांचा पहिला प्रश्न असतो : बरोबर कोण आहे? त्या प्रश्नास समाधानकारक उत्तर मिळालें नाहीं म्हणून कित्येक चांगल्या खेळाडू घरींच राहतात. आपल्याच मुलुखाची, आपली बोली बोलणारी, शिकलेली स्त्री संघाबरोबर असेल तर तें उत्तर आपोआप मिळतें. म्हणून ही वाट एकीनें चालणें म्हणजे मागून येणाऱ्या अनेकींसाठीं ती मोकळी करणें होय. शेवटचा सामना संपला म्हणून बूट खुंटीस टांगण्याची घाई कोणत्याहि मुलीनें करूं नये. त्याच मैदानावर तिची खरी कामगिरी कदाचित् यापुढेंच सुरूं व्हावयाची असेल.