स्पीकरच्या वायरचं टोक

दिवाळीनंतर गोंदिया जिल्ह्यात गावोगाव मंडई भरते आणि रात्री झाडीपट्टीचं नाटक उभं राहतं. आज या गावात, उद्या त्या गावात. साउंडवाल्याला स्पीकर रोज जोडायचे आणि रोज सोडवायचे. त्या कामासाठी स्पीकॉन प्लग असतो. आत घालून थोडा फिरवला की तो लॉक होतो, ओढला तरी निघत नाही आणि आतल्या धातूला बोट लागत नाही. घरच्या स्पीकरची गरज याच्या उलट असते. जोडणी एकदा होते, मग कपाटामागे वर्षानुवर्षं तिला कुणी हात लावत नाही, आणि इकडचे ओले पावसाळे एकामागून एक तिच्यावरून जातात. म्हणून घरासाठी कनेक्टर घेताना जोड सैल पडेल का आणि तांब्याला दमट हवा लागेल का, हे दोनच प्रश्न विचारावेत. कनेक्टरने आवाज ‘खुलतो’ या जाहिरातीवर पैसे घालवू नयेत.

आधी वायर. दुकानात दीडची, अडीचची म्हणून मिळते ती चौरस मिलिमीटरमध्ये मोजलेली जाडी. अँप्लिफायरपासून बॉक्स दहा मीटरवर असेल तर जाऊन-येऊन वीस मीटर तांबं होतं. पाऊण चौरस मिलिमीटरच्या वायरमध्ये त्याचा रोध साधारण अर्धा ओहम, दीडच्या वायरमध्ये पाव ओहम. हा रोध स्पीकरच्या ओहमच्या पाच टक्क्यांत राहावा, म्हणजे ८ ओहमच्या बॉक्ससाठी ०.४ ओहमपर्यंत. बहुतेक घरांना दीडची पुरते. बॉक्स ४ ओहमचा आणि अंतर लांब असेल तर अडीचची घ्यावी. मात्र एक तार ब्लेडने खरवडून पाहावीच. आत पांढरी निघाली तर ते तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम. त्याचा रोध जास्त असतो आणि तारा वळवताना पटकन तुटतात.

आता अँप्लिफायरची मागची बाजू पाहा. दाबून उघडायच्या स्प्रिंगच्या क्लिपा असतील तर बनाना प्लग तिथे बसत नाही; पिन थिंबल, म्हणजे वायरच्या टोकावर चेपून बसवायची पिन, घ्यावं. फिरवून आवळायचे लाल-काळे खांब असतील तर यू थिंबल किंवा बनाना प्लग, दोन्ही चालतात. ४ मिलिमीटरचा बनाना प्लग खांबाच्या टोकाच्या भोकात जातो. त्या भोकावर बऱ्याचदा लाल-काळं बूच असतं, ते बारीक स्क्रूड्रायव्हरने काढावं लागतं. उघडी तार खांबाखाली नीट आवळली तर तीही तितकीच चांगली वाजते. पण ती काळवंडते, आणि एखादी सुटी तार शेजारच्या खांबाला टेकली तर शॉर्ट होऊन अँप्लिफायरचं आउटपुट जळू शकतं. या दोन कारणांसाठी मी प्लगच्या बाजूने आहे. सोन्याचा मुलामा काळवंडत नाही, म्हणून तो घ्यावा. पण थर अगदी पातळ असतो, त्यासाठी दुप्पट-तिप्पट किंमत मोजायचं कारण नाही. प्लगमध्ये एकाऐवजी दोन स्क्रू आहेत का, हे पाहणं जास्त मोलाचं.

अँप्लिफायरची पिन भिंतीतून काढूनच कामाला लागावं. जोडवायरीच्या दोन शिरा पाच-सहा सेंटिमीटर वेगळ्या कराव्यात आणि टोकाचं साधारण एक सेंटिमीटर प्लास्टिक सोलावं. सोलताना तारा कापल्या गेल्या तर ते टोक छाटून पुन्हा सोलावं. जितक्या तारा कमी, तितकी वायर तिथे बारीक. तारा मूळच्या पिळाच्याच दिशेने पिळाव्यात, प्लगमध्ये घालाव्यात, स्क्रू आवळावेत आणि वायर ओढून पाहावी. प्लगबाहेर तांबं दिसता कामा नये.

इथे बरेच जण टोकाला कथील लावतात आणि मग स्क्रू आवळतात. तसं करू नये. कथील मऊ असतं. स्क्रूच्या सततच्या दाबाखाली ते हळूहळू दबून पसरतं आणि आज घट्ट असलेला जोड काही महिन्यांत सैल होतो. कोऱ्या तारा दाबाखाली एकमेकींत बसतात, म्हणून आठवड्याभराने स्क्रू पुन्हा एकदा आवळावेत. थिंबल मात्र साध्या पकडीने चेपू नये. क्रिंपिंगची पक्कड नसेल तर इलेक्ट्रिशियनकडून चेपून घ्यावं.

लाल लालला, काळं काळ्याला. वायरच्या एका शिरेवर रेघ किंवा उंचवटा असतो, तीच शीर दोन्ही बॉक्सना लालवर द्यावी. एक बॉक्स उलटा लागला तर काही जळत नाही, पण दोन्ही बॉक्सच्या मध्ये बसल्यावर तबल्याचा बायाँ पोकळ वाटतो. बॉक्सवर खूण पुसली असेल तर वायर अँप्लिफायरपासून सुटी ठेवून दीड व्होल्टचा पेन्सिल सेल क्षणभर टेकवावा. वूफरचा पडदा बाहेर आला तर सेलचं अधिक टोक ज्याला लागलं ते लाल. सुट्या ट्वीटरवर हा प्रयोग करू नये.

बॉक्सची बाजू आधी जोडावी, अँप्लिफायरची शेवटी. मोकळा बनाना प्लग जुन्या, शटर नसलेल्या पाच अँपियरच्या सॉकेटमध्ये सहज शिरतो. घरात लहान मूल असेल तर असं टोक लोंबकळत ठेवूच नये. शेवटचं टोक लावण्याआधी त्याच्या दोन्ही शिरांवर ओहम मोजणारा मीटर धरावा. ८ ओहमचा बॉक्स साधारण ६ ते ७ दाखवतो. शून्याजवळ काही दिसलं तर कुठेतरी तार टेकली आहे, ती सापडेपर्यंत अँप्लिफायर चालू करू नये.